उकळत्या रश्श्यातली पपई

रविवारी सकाळी बिद्रीच्या एस.टी.च्या रांगेत उभा होतो. पुढं विज्ञान शिकवणाऱ्या विमलाबाई, आणि त्यांच्यापुढं पपयांची पाटी घेतलेल्या झुंबरबाई.

“झुंबरबाई, तुमची कच्ची पपई घालूनही काल मटण वातडच राहिलं. मामंजींना दात नाहीत. त्यांनी ताट बाजूला सारलं.”

“घातली कवा?”

“रस्सा उकळल्यावर.”

“मग ती मेलीच की. उकळत्यात चीक काय काम करनार? कच्च्या मटणाला चोळायची, अर्धा तास झाकून ठेवायची, मग चुलीवर.”

“जास्त वेळ ठेवली तर?”

“लगदा हुतोय. आणि पिकल्याली घेऊ नका, तिच्यात चीकच ऱ्हात न्हाय.”

“उष्णतेनं विकर, म्हणजे चिकातलं एन्झाइम, निकामी होतं, हे मीच नववीला शिकवते. परवा पेपरातही घातलं होतं.”

“पोरांनी लिव्हलं?”

“बहुतेकांनी बरोबर लिहिलं.”

“मग त्यातलं एक काल सैपाकाला बोलवायचं हुतं.”

विमलाबाई पाटीवर वाकल्या.

“गाडी लागली, बाई. चला.”

“जाऊ द्या ती. एक पपई काढा, कच्ची बघून. आणि साल काढायची का, तेवढं सांगा.”