काशाच्या वाटीचं काळं

न्हाई न्हाई सिस्टर, मालक हेकट न्हाईत — तुमाला वाटतंय, डाक्टरला वाटतंय, म्हातारा सही करंना म्हंजी हेकट हाय — तसं न्हाई. ते कागद काहून ढकलून राहिले, मला ठावं हाय. बसा की जरा. एक वाजेपर्यंत थांबतो म्हणले न डाक्टर? मग बसा.

काशाची वाटी म्हायती हाय न तुमाला? तळव्याला तूप लावायचं अन् वाटीनं घासायचं, घासता घासता तळवा काळा पडतो — ती अंगातली उष्णता, आमच्या शिरड शहापूरात लेकरूबी सांगंल — मग साबणानं धुतलं की निघालं. मालकाला दोन वर्सांखाली शुगर निघाली, पायाला मुंग्या, चप्पल निसटली तरी कळंना, झोप न्हाई. तवापासून रोज दिवेलागणीला मी त्यायचे पाय मांडीवर घेते. अन् काय सांगू, झोप लागाया लागली, जेवाया लागले — अन् बोलाया लागले! चाळीस वर्सं हा माणूस माझ्यासंग धड बोलला न्हाई — भाकर वाढ, बैल बांध, झालं — अन् पाय चोळले की बोलायचा. आमची पहिली पोरगी गेली तवा तुरीच्या वावरात जाऊन रडलो, म्हणले. मला इतक्या वर्सांनं कळलं बगा. मला वाटायचं, ह्या माणसाला काळीजच न्हाई.

तर उजव्या पायाचा अंगठा. काळा दिसला, मला वाटलं वाटीचं हाय. धुतला — व्हय, धुतला तरी ऱ्हायला. मालक म्हणले, काहून गं निघंना? म्या म्हणलं, लई उष्णता हाय, उद्या निघंल. — किती दिस? पाच-सहा... न्हाई, तुमच्यापाशी खोटं काहून बोलू, पंधरा दिस झाले. वास याया लागला तवा तुपात कापूर घातला म्या.

मला काय कळत न्हाई व्हय, सिस्टर? तिसऱ्याच दिवशी कळलं व्हतं. राखेनं घासला, लिंबू लावलं, तरी निघंना. पण फोन केला असता तर वैजनाथ बापाला पुण्याला घेऊन गेला असता — एकट्याला, पोराच्या त्या खोलीत मी कुठं मावणार — अन् तिथं ते पुन्हा गप झाले असते. म्हणून मी गप. अजून एक दिस, अजून एकच दिस — पाय म्याच घालवला हो त्यायचा!

आता डाक्टर म्हणतेत, पाय काढला न्हाई तर जीव जाईल. अन् मालक काय म्हणतेत, ऐकलं न तुमी? ‘गोजर म्हणली उष्णता हाय, ती काढंल घासून.’ डाक्टरपेक्षा माझ्यावर भरोसा! तुमी सांगा न त्यायला. तुमी शिकलेल्या हाव. म्हातारीला काय कळत न्हाई म्हणावं, पाया पडते तुमच्या — सांगून झालं? दोनदा? अन् वैजनाथनं फोनवर सांगितलं, तरीबी न्हाई?

किती वाजले? ...म्हंजी मलाच सांगावं लागंल. ठावं असून लपवलं, म्हणून. मग ते जलमात बोलायचे न्हाईत माझ्यासंग. न्हाई बोलले तर न्हाई बोलले. जगले म्हंजी बास.

आणा तो कागद इकडं. पेनबी द्या. — न्हाई, तुमी नका येऊ आत. अन् जाता जाता तेवढा पडदा लावून घ्या.