कशाला हात लावू नका!

...मग काय करू, टाळ्या वाजवू? बायको काचेच्या दाराआड एकटी पडलीय, आणि नर्सबाई मला म्हणतात, "काका, आत जा, पण कशाला हात लावू नका!" अहो, नवरा आहे मी तिचा, खिसेकापू नाही! जंतू म्हणे चिवट, औषधाला दाद देत नाहीत, हातावरून हातावर जातात... म्हणून आधी हात धुवा, मग झगा, तोंडाला फडकं, डोक्याला टोपी, हातात रबरी मोजे. काचेत बघितलं तर मीच मला नमस्कार केला, म्हटलं डॉक्टर आले!

आणि तुम्हाला सांगतो, हे "हात लावू नका" मला नवीन आहे का? जन्म गेला गॅरेजात. घरी यायचं ते कोपरापर्यंत वंगण माखून, आणि ही दारातच तांब्या घेऊन उभी, "अहो, कशाला हात लावू नका!" हातावर धुण्याची पावडर टाकायची, पाण्याची धार धरायची, अन् तोंडाचा पट्टा चालू... "भिंत काळी केलीत, उशी काळी केलीत, आता पोरीचा गालही करा!" मग माझा पंजा नाकाशी धरून हुंगायची. हुंगून पास, तर चहा! तेव्हा वाटायचं, काय कटकट आहे... आता घरात कशालाही हात लावतो, कुणी ओरडत नाही. घर खायला उठतं हो!

असो. गेलो आत. धास्ती एकच, या सोंगात ती मला ओळखणार कशी? तेवढ्यात म्हणाली, "अहो..." झालं! हिचं नवऱ्याला अहो, डॉक्टरला अहो, भंगारवाल्यालाही अहो! हा अहो कुणाचा? "अहो, मला घरी कधी सोडणार?" गेला, डॉक्टरचा निघाला! "आमच्या ह्यांना साधा चहा जमत नाही हो..." मी आपली डॉक्टरसारखी मान हलवली.

मग हळूच म्हणते, "आणि नाड्या मागं बांधतात, पोटावर नाही. सदऱ्याची बटणं तरी कधी नीट लावलीत?"

ओळखलं होतं हो भवानीनं, दारातच! हात पुढं केला. "लावा हात." जन्मभर ज्या हुकमाला कान आसुसले तो आज सुटला, आणि मधे रबर! सवयीनं माझा पंजा नाकाशी नेला, हुंगला... "शी! त्यापेक्षा वंगण बरं होतं."

बाहेर आलो. झगा काढला, मोजे टाकले. नर्सबाई हजर, "काका, हात धुवा!"

धुतले बाई, घासून धुतले... पण हुंगून पास कोण करणार?