विश्राम आचाऱ्याची काहील आणि हाताची घडी

मंडळी, एक विचारतो, लाजू नका. माणूस मोठा कशानं होतो? कामानं, का कामाच्या फोटोनं?

बघा! पुढची रांग म्हणाली 'कामानं'. आणि हातात काय? मोबाईल! खाली करा ओ दादा, माझ्या टकलावर उजेड पडतोय.

तर ऐका. टेंभुरखेडे नावाचं गाव. गावचा देव खडकोबा. चैत्रात त्याचा भंडारा, दोन हजार पान उठतं! आणि देवळाची एक काहील आहे, आमटी रांधायची भली मोठी कढई. केवढी? आमचे मृदंगवाले बुवा आत बसले तर नुसती पगडी दिसेल! हसू नका बुवा, वाजवा.

या काहिलीची एक रीत आहे. भंडाऱ्याचा जो आचारी, त्याच्या दारात ती वर्षभर पालथी ठेवायची. बारा गावची माणसं लग्न काढलं की दारं बघत हिंडायची. जिथं काहील पालथी, तिथं सुपारी! पाटी नाही, जाहिरात नाही.

जुना आचारी थकला. पंचांनी विश्रामला बोलावलं. म्हणाले, "यंदा तू रांध. जमलं तर काहील तुझ्या दारात. नाही जमलं तर वाकडगावचा आचारी टपूनच बसलाय."

विश्राम म्हणजे कोण? वीस वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली कांदे चिरलेला माणूस. पण नाक! काय नाक दिलं होतं देवानं! नैवेद्याचं अन्न चाखायचं नसतं, ठाऊक आहे ना? देवाआधी जिभेला लागलं की उष्टं! म्हणून विश्राम वाफेवर नाक धरायचा. "मीठ मूठभर कमी." टाकायचा. बरोबर! जन्मात कधी चुकला नाही.

मग बिघडलं कुठं? तालुक्याला बिघडलं! मसाला आणायला गेला, तिथं एका हॉलवर बोर्ड: 'स्वतःचा ब्रँड बनवा. ऋत्विक सर.' आत खुर्ची होती, पंखा होता. विश्राम बसला. बसला तो फसला!

सर म्हणाले, "काय करता?"

"आमटी करतो."

"चूक! तुम्ही आमटी करत नाही. तुम्ही अनुभव देता!"

विश्राम घाबरला. वीस वर्षं आपण काय देत होतो, आपल्यालाच माहीत नाही!

आठ दिवसांत फ्लेक्स दारात. 'चवीचा चक्रवर्ती विश्रामशेठ.' अंगात कोट, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंड चुन्यात बुडवल्यासारखं गोरं. आणि मागं विमान! अरे, आमटीला विमान कशाला? आणि हात? हाताची घडी! मला एक सांगा, ज्याचं पोट हातावर त्यानं हाताची घडी घालून फोटो का काढावा? हात काय भाड्यानं दिलेत?

विश्रामची बायको केराबाई पाण्याची घागर घेऊन आली आणि दारात थबकली.

"अहो, हा कोण मेला आपल्या दारात उभा?"

"अगं, मी आहे."

"तुम्ही? मग घरातल्याला काय म्हणू?"

विश्रामच्या मनात मात्र गोड गुदगुल्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं डोकं हत्तीएवढं बघितलं होतं!

उजाडला भंडाऱ्याचा दिवस. सर हजर, कॅमेरावाला हजर. सरांनी पिशवीतून बाटली काढली, फुस्स, फुस्स! सेंट! "ब्रँडला स्वतःचा वास पाहिजे, विश्रामशेठ." कोटावर मारला, मानेवर मारला, मिशीवरसुद्धा मारला. आता सांगा, नाकाखाली गुलाबाची बाग फुललेली, आणि आमटीचा वास यावा कुठून?

काहील उकळायला लागली. विश्रामनं हातात पळी घेतली.

सर ओरडले, "पळी खाली! घडी! छाती पुढं! गालात हसा! परत एकदा!"

सात वेळा परत एकदा! केराबाई लांबून ओरडतीये, "ढवळा हो, बुडाला लागतंय!" आणि हा घडी घालून गालात हसतोय.

मग वाफेवर वाकला. गुलाब. परत वाकला. गुलाबच! मीठ टाकलं का नाही? आठवेना! आणि नेमके तेव्हाच सर म्हणाले, "आता पळीभर घ्या, डोळे मिटा, आणि म्हणा, वाऽऽ!"

आणि मंडळी... विश्रामनं पळी ओठाला लावली! "वाऽऽ!"

अरे काय केलंस! देव उपाशी, आणि तू वाऽऽ?

सरांनी रील तिथंच टाकली. इकडं तात्या गुरव नैवेद्याचं ताट घेऊन आले. एका हातात ताट, दुसऱ्या हातात मोबाईल. टिंग! बघितलं. आणि ताट खाली ठेवलं.

"विश्राम, चाखलीस?"

विश्रामची मान खाली.

"करपलीसुद्धा आहे. मला मांडवाच्या दारात वास आला. तुला आला नाही?"

पाणी आलं मंडळी, विश्रामच्या डोळ्यांत. मीठ चुकलं म्हणून नव्हे. वीस वर्षं जपलेलं नाक एका बाटलीवर घालवलं म्हणून!

दोन हजार माणूस पानावर. वाकडगावचा आचारी मिशीला पीळ देतोय. विश्राम उठला, कोट फेकला आणि देवळाच्या हौदात धाडकन उडी! केराबाईनं चुलीतली राख आणली आणि नवऱ्याचं तोंड घासलं. घासलं म्हणजे, परातही इतकी घासत नाहीत!

"आला का वास?"

"गुलाबच येतोय."

"थांबा." परत घासलं. "आता?"

"आता... फोडणी येतीये. शेजारच्या आळीतली. मोहरी जळलीये तिची!"

"आलं नाक!" केराबाई ओरडली. "बायांनो, बेसन काढा!"

तासाभरात घमेल्या-घमेल्यांनी पिठलं! ओली चड्डी, उघडं अंग, हातात पळी. या घमेल्यावर वाकतो, त्या घमेल्यावर वाकतो. "इथं मूठभर. इथं चिमूट." जिभेला काही नाही!

नैवेद्य दाखवला. मग तात्या गुरवांनी पहिला घास घेतला. वाकडगावकर टाचा वर करून बघतोय. तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"काय झालं तात्या?"

"मिरची! पण मीठ... मीठ बरोबर आहे रे पोरा!"

अशी पंगत उठली! पिठल्याला रांग वेशीपर्यंत. आणि त्या आमटीला? दोनच माणसं. ऋत्विक सर आणि कॅमेरावाला! करपट आमटी भुरकत सर म्हणतात, "विश्रामशेठ, लाखभर लोकांनी बघितली रील!" तात्या म्हणाले, "लाखानं बघितली ना? मग काहीलही त्या लाखाला बोलावून संपव!"

जेवून एक पाहुणा विचारतो, "आचारी कोण हो?" फ्लेक्सखालीच उभा होता. कुणीतरी म्हणालं, "हा वरचा नाही. तो बघा, चड्डीतला."

आणि काहील? पंच म्हणाले, "ज्यानं करपवली त्यानं घासायची, आणि घासून झाली की स्वतःच्याच दारात पालथी घालायची." तीन दिवस घासली विश्रामनं. बुडाचा एक काळा डाग निघाला नाही. केराबाई म्हणाली, "राहू द्या. वर्षभर, जेव्हा जेव्हा सरळ कराल, तेव्हा आत वाकून बघत जा." आणि फ्लेक्स? सरपणावर घातला, पालथा. विमान, चष्मा, घडी, सगळं लाकडांकडं तोंड करून!

आता तुमच्याकडं येतो. हसलात ना विश्रामला? तुमच्या चौकात काय आहे मग? ज्याला त्याच्या आईशिवाय कुणी विचारत नाही, त्याचा वीस फुटी वाढदिवस! पोरगं नोकरीला लागायच्या आधी पोराचा फोटो ऑफिसात बसल्यासारखा! अरे, आज रात्री गावातले सगळे फ्लेक्स वाऱ्यानं उडाले, तर उद्या तुमचं दार शोधत कुणी येईल का? काय पालथं घातलंय तुम्ही दारात?

कोण हसलं मागं? काय म्हणालात? महाराज, वेशीवर तुमचाही फ्लेक्स आहे?

...आहे. खरं आहे. कोट नाही, पण घडी आहे. टाळ धरायच्या हातांची घडी! मघाशी येताना मीच गाडी थांबवून दोनदा बघितला.

आरती झाली की दोघं जण शिडी घेऊन चला माझ्याबरोबर. आणि सरपण कुणाचं उघड्यावर आहे? सोडा ती घडी, हात वर करा!