पट्ट्यांवरून चालणारे नाना

मी भडगावला मेथी निवडत बसलो होतो, तेवढ्यात देवपूरहून फोन आला. माझे थोरले भाऊ, नाना, गेले. झेब्रा क्रॉसिंगवर जीपने उडवलं.

नाना लेकीकडे जर्मनीत राहून नुकतेच परतले होते. तिकडे पट्ट्यांवर पाय ठेवला की बससुद्धा थांबते, हे ते भेटेल त्याला सांगायचे.

सांत्वनाला माझ्याकडे दारावर बसायला आलेल्या मंडळींत जीपवाल्याचा काकाही होता. तो म्हणाला, "भाऊ, पोरगा वाईट नाही. नानाच हात दाखवत सरळ चालत राहिले. त्या पट्टा काय चालासाठे शेतस का?"

मी विचारलं, "चालायला नसतात, मग कशासाठी असतात?"

शेजारचे आबा त्याच्या मदतीला धावले. "अरे, मंत्री येणार होते, म्हणून रंगवले ते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या घरात, माझ्या भावाच्या फोटोसमोर.

पुतणी जर्मनीहून फोनवर विचारते, "काका, बाबा क्रॉसिंगवरून जात होते का? तसं चालायला मीच शिकवलं त्यांना."