हो, नाही, सांगता येत नाही

...आणि वर मलाच म्हणते, "मावशी, डब्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना आपलं?" आता ठरलं होतं, मी कुठं नाही म्हणतेय! पण डबा ठेवला कुठं? माझ्या फ्रिजवर! अहो, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मला इथून कळतं, आणि अख्ख्या गल्लीच्या मनातलं माझ्याच घरात पडून असताना मी भिंतीकडं बघत बसायचं? जमेल का हो कुणाला? तुम्हाला जमेल?

तुम्हाला सांगते, झालं असं. आमच्या समोरची हेमांगी. पोरगी हुशार, पण इथलं देवपुरातलं एवढं कॉलेज सोडून गेली जळगावला विद्यापीठात, आणि तिथं शिकते काय, तर तत्त्वज्ञान आणि धर्म! मी तिच्या आईला म्हटलं, धर्म शिकायला एस्टीनं जळगावला कशाला जायचं, श्रावणात माझ्या घरी ये म्हणावं, पाय ठेवायला जागा नसते! तर तिच्या सरांनी तिला काम दिलेलं. चाळीस माणसांकडून फॉर्म भरून आण. नाव लिहायचं नाही, कुणी कुणाचं बघायचं नाही, बघून कुणाचा ते कळलं तर तो फॉर्म बाद, आणि सोमवारपर्यंत चाळीस भरले नाहीत तर वर्ष गेलं! आणि पहिलाच प्रश्न काय? "तुम्ही देव मानता का?" खाली तीन चौकोन. हो, नाही, सांगता येत नाही.

आता हे असलं दारोदार विचारत फिरणार कोण? मीच गेले तिच्यासोबत. मला सगळी घरं माहीत, कुणाचा कुत्रा चावतो तेही माहीत. कोपऱ्यावरच्या पार्वताअक्कांनी तर फॉर्म हातातसुद्धा घेतला नाही. "देव मानस का म्हणजे? देव शे ना तो! आधी त्याले ईचार, तो माले मानस का!" मग हेमांगीनं त्यांच्या नावानं... नाही नाही, नाव नव्हतंच... त्यांच्या वतीनं खूण केली. कशावर केली? सांगता येत नाही बाई, तिनं हात आडवा धरला होता.

तर चाळीस भरले, तेलाच्या रिकाम्या डब्यात पडले, आणि हिचे दोन दिवस तास म्हणून ही निघाली जळगावला. घरात धाकटा भाऊ उचापती, म्हणून डबा माझ्याकडं. विश्वासानं! आणि मी पहिला दिवस काढला हो. खरंच काढला. दुसऱ्या दिवशी फ्रिज पुसायला घेतला, डबा खाली ठेवला, झाकण सैल होतं... आता सैल झाकण कुणी केलं म्हणाल तर सांगता येत नाही.

आणि चौथाच कागद! अक्षर बघितलं आणि लगेच ओळखलं. अख्ख्या गल्लीत वरची रेघ न ओढता लिहिणारा माणूस एकच. आमचे हे! एस्टी डेपोत तीस वर्षं नोंदी लिहून लिहून यांच्या अक्षरांची डोकी उडालेली. नाव शालिग्राम, नावातच देव, आणि खूण कशावर? "नाही"वर! अहो, गणपतीच्या आरतीत सगळ्यात मोठा आवाज यांचा! श्रावणात कानबाईमातेची मिरवणूक निघते तेव्हा रस्त्यात फुगडी घालायला सगळ्यांच्या पुढं हे! खाली दुसरा प्रश्न होता, "मानत नसाल तर पूजेला का उभे राहता?" आणि त्याच्यापुढं त्या बिनरेघेच्या अक्षरात तीनच शब्द. "हिला बरं वाटतं."

आता या माणसावर रागवायचं की काय करायचं? सांगता येत नाही! आणि विचारायचीही सोय नाही, विचारलं की डबा उघडला हे कबूल! अठ्ठावीस वर्षं शेजारी उभं राहून हा माणूस काय करत होता, डोळे मिटून टाइमटेबल आठवत होता?

मग मी काय केलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाच लावला नाही. म्हटलं बघू. पडून राहिले. तर हे उठले, देव्हाऱ्यापाशी गेले, परत आले, परत गेले. मग काडेपेटीचा आवाज. एक काडी, दोन काड्या, पाच काड्या! वात उलटी घातली होती हो, मला वासावरनं कळलं. आणि मग माझ्या कपाळावर हात. "काय गं, ताप आहे का? दिवा राहिला तुझा, मी लावलाय." तुझा म्हणे! मी तोंडाला पदर लावला आणि कूस बदलली.

संध्याकाळी हेमांगी आली आणि माझ्या पोटात राहिलं नाही. सगळं ओकले. पोरीच्या डोळ्यांत पाणी. "मावशी, तो फॉर्म मला आता घेता येणार नाही. एकोणचाळीस राहिले. परवा सोमवार." मी म्हटलं, अगं, उरलेल्या कागदांचं मी बघितलंसुद्धा नाही, शपथ! म्हणजे वरचे तीन बघितले, पण ते कुणाचे ते कुठं कळलं? तर म्हणते, "मी सरांना सांगेन जे झालं ते. पण एक तरी नवीन लागेल." म्हटलं, मी आहे ना! मी कुठं भरलाय? मी तर नुसती दारं वाजवत फिरले!

बसले पेन घेऊन. आणि तुम्हाला सांगते, पहिल्याच प्रश्नाला हात थांबला. इतकी वर्षं दिवा लावते, पण कुणी असं समोर चौकोन ठेवून विचारलंच नव्हतं हो! अर्धा तास बसले. शेवटी केली खूण. घडी घातली, चार वेळा, आणि उठते तर मागे हे उभे!

"काय लिहिलंस?"

"गुप्त असतं ते."

"नवऱ्याला कसलं गुप्त?"

"सरांचा नियम आहे!"

झालं! तेव्हापासून हे माझ्या मागं मागं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. "नुसतं हो का नाही एवढं सांग ना!" आणि आरतीला उभे राहिलो की देवाशपथ सांगते, हे एक डोळा उघडा ठेवून माझ्याकडं बघतात, आणि मी पापण्यांच्या फटीतनं यांच्याकडं! आता आमच्या घरात देवाकडं बघायला कुणी रिकामंच नाही!