टेबल दिसतंय

...नाही, पण मला एक सांगा, टेबल दिसलं तर दिसलं, त्यात अख्ख्या थिएटरने एका सुरात ओरडण्यासारखं काय आहे? माणूस उडतोय, बिचारा दात-ओठ खाऊन उडतोय, जग वाचवायला निघालाय, त्याच्या तोंडाकडे बघा की! पण नाही. यांचं लक्ष खाली. पोटाखाली. "टेबल दिसतंय!" तुम्हाला सांगतो, तो उडणारा माणूस मी आहे. हसू नका. म्हणजे... हसा, सगळेच हसतात, तुम्हीच काय घोडं मारलंय.

झालं असं, की माझ्या मेव्हण्याला सिनेमा काढायची हुक्की आली. माझं नुकतंच लग्न झालेलं, बायकोच्या भावाला नाही म्हणायची माझी काय टाप? सिनेमाचं नाव 'महावादळ'. महावादळ मी, कारण ओळखीपाळखीत उंच मी एकटाच. खलनायक आमच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर, आणि त्याचं सिंहासन म्हणजे त्याचीच पेशंटची खुर्ची, त्यामुळे जगाचा विनाश करतो म्हणताना मधूनच त्याचा पाय बटणावर पडायचा आणि विनाश आडवा व्हायचा. माझ्या पाठीवर झूल म्हणून आमच्या झोपायच्या खोलीचा पडदा, करड्यावर नारिंगी फुलं, वरच्या कड्यांसकट! मी धावलो की छुमछुम वाजायचं. आणि उडायचं कसं? तर आमच्याच जेवणाच्या टेबलावर पालथं पडायचं, हात पुढे, समोर मेव्हणा पंखा धरून, आणि टेबल डुगडुगतं म्हणून खाली बसून त्याचे पाय धरायला कोण, तर माझे बाबा. चष्म्याचं दुकान बंद ठेवून यायचे हो! मी उडायला लागलो की खालून हळूच म्हणायचे, "पोट आत घे."

मेव्हण्याने बजावलं होतं, भाऊजी, एकदम गंभीर हं, जग तुमच्या जिवावर आहे. मी गंभीर! डोळ्यांत पाणी आणलं मी, खरंखुरं. आणि पहिल्या खेळाला... मी डोळे पुसलेत पडद्यावर, आणि माझ्या शेजारची बाई हसून हसून डोळे पुसतेय! बाहेर आल्यावर मेव्हण्याची गचांडी धरली. म्हटलं, अरे, हा विनोदी सिनेमा होता?

"भाऊजी, आधी सांगितलं असतं तर तुम्ही विनोद केला असता."

म्हणजे डॉक्टरला माहीत, बायकोला माहीत, बाबांनासुद्धा माहीत, एकट्या महावादळाला सोडून! जमिनीने पोटात घ्यावं असं झालं मला. घरी आल्याआल्या जाहीर केलं, आजपासून या विषयात माझं नाव नको. डोळ्यांवर मुखवटा होताच, सिनेमातल्या पाट्यांवरूनही नाव काढायला लावलं, आणि बाबांकडून तर शब्दच घेतला. ते "बरं" म्हणाले आणि दुकानात गेले. सिनेमा पडला. मला वाटलं, विषय संपला.

कुठला संपतोय! काही वर्षांनी कॉलेजातल्या पोरांनी तो उकरून काढला. आता दर महिन्याला एका शनिवारी दुपारचा खेळ, आणि तोसुद्धा भरलेला. माणसं पडदे पांघरून येतात, कड्यांसकट. संवाद माझ्या आधी हेच म्हणतात. आणि मी उडालो, की ते. बरं, तिथेच राहावं ना? ते सुटलं गावभर! कोणाची कसलीही लबाडी उघडी पडली, की टेबल दिसतंय. सोसायटीत कोणाचा केसांचा टोप जरा सरकला, टेबल दिसतंय. आता माझी नोकरी ऐका. मी लिफ्ट तपासतो, सरकारी निरीक्षक, माझ्या सहीशिवाय लिफ्ट जागची हलत नाही, मला बघून वॉचमन शर्टाची बटणं लावतात. आणि आमचे साहेब भर बैठकीत एकाचा अहवाल आपटून म्हणतात, अहो, नीट झाकायचं तरी, टेबल दिसतंय! सगळे खो खो हसले. मीही हसलो. कान मात्र असे तापले! साहेबांना माहीत आहे का? नाही का? आणि विचारणार कसं?

त्या थिएटरची लिफ्ट तपासायला माझ्याकडेच आली. थिएटर तिसऱ्या मजल्यावर, खाली दुकानं. लिफ्टचं दार जरासं अडकत होतं. दुसरा कोणी असता तर तेलपाणी करा म्हणून पुढे गेला असता. मी बंद करून कागद चिकटवला. नियमानेच हं! पण सही करताना आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता गंमत बघा, मी लिफ्टचा एक बोल्ट ढिला असला तर खालच्या मजल्यावरून ओळखतो, आणि माझ्या घरात दर महिन्याला जेवणाचं टेबल गायब होतंय, आम्ही मांडी घालून जेवतोय, आणि मी विचारलं की बायको म्हणते, पॉलिशला गेलंय. मी म्हणतो, बरं! अहो, राजवाड्यातल्या टेबलालाही कोणी इतकं पॉलिश करत नाही.

तर एका शनिवारी, एरवी बाबांना पत्त्यांना नेणारा मेव्हणा तापाने झोपला. बायको म्हणाली, बाबांना पत्ते खेळायला जायचंय, गुडघा धरलाय त्यांचा, तुम्ही सोडा. निघालो. बाबा शेजारी बसून, डावीकडे घे, उजवीकडे घे, हां, इथेच थांब. बघतो तर ती इमारत! मला म्हणाले, तू जा, येईन मी. आणि गेले आत. लिफ्टपाशी क्षणभर थांबले, माझा कागद होता तिथे, माझी सही, आणि मग कठडा धरून जिना चढायला लागले. एक पायरी, थांबायचं. एक पायरी, थांबायचं. दर महिन्याला हा माणूस असा चढत होता आणि घरी येऊन मला एका शब्दाने बोलला नव्हता. मला माझीच लाज वाटली. मी मागून गेलो, चोरासारखा, आणि शेवटच्या रांगेत बसलो.

सिनेमा झाला, ओरडून झालं. आणि तुम्हाला सांगतो, टेबलाच्या पायाशी बाबांचा घड्याळ घातलेला हात दिसतो ना, त्याला टाळ्या! मला कधी मिळाल्या नाहीत इतक्या! मग दिवे लागले, पडद्यासमोर आमचं टेबल, आदल्या दिवशीच 'पॉलिशला' गेलेलं, चकाचक, आणि शेजारी बाबा. लोक त्यांना 'टेबलकाका' म्हणतात. एक चष्मेवाली मुलगी उठली आणि विचारलं, काका, तो हिरो कोण होता हो? आता कुठे असतो?

बाबा टेबलावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "नाव सांगणार नाही, शब्द दिलाय. मोठा माणूस झालाय तो. लोकांचा जीव त्याच्या सहीवर वर-खाली होतो. त्याला आमच्यासारखं रिकामपण नाही."

आमच्यासारखं! स्वतःच्या बापाने मला परक्यासारखं सांभाळून घ्यावं, आणि तेही माझ्याच सांगण्यावरून... मी उठलो. कसा उठलो माहीत नाही. म्हटलं, "तो मी आहे. आणि हे माझे बाबा आहेत."

वाटलं, सन्नाटा पसरेल. कसला सन्नाटा, हशा! दर खेळाला म्हणे कोणी ना कोणी उठून मीच महावादळ म्हणतंच, रिवाजच आहे तो. मागच्या वेळी एक बाई उठल्या होत्या. आणि त्यावर ठरलेली परीक्षा, झोपा टेबलावर! झोपलो. या वयात, ऑफिसच्या पॅंटमध्ये, पालथा, हात पुढे. कोणीतरी पाठीवर पडदा टाकला. टेबल डुगडुगलं, आणि नको नको म्हणत असताना बाबा तो गुडघा घेऊन खाली बसले, पाय धरले, आणि खालून हळूच आवाज आला, "पोट आत घे."

मी घेतलं. जेवढं जातं तेवढं. डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा खरंखुरं, आणि पुन्हा सगळे हसले.

ती चष्मेवाली आली, चारी बाजूंनी फिरली, वाकली, पायांवरून बोट फिरवलं, बाबांच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि थिएटरला निकाल दिला, टेबल खरं, हात खरा, हिरो नकली. टाळ्या! बाबा तोंड उघडणार होते, मीच त्यांना खुणेने गप्प केलं. आता काय सांगायचं राहिलं होतं?

आता दर महिन्याला जातो मी. ती लिफ्ट? दुरुस्तीची तारीख माझ्याच खात्यात अडकलीय, आणि मी लवकर करा म्हटलं तर साहेब विचारणार, तुम्हाला त्या थिएटरचा एवढा कळवळा कशाला? म्हणून एक फेरी बाबांना धरून, आणि एक फेरी टेबल डोक्यावर घेऊन, तीन मजले. वर जाणारी पोरं पडदे सावरत बाजूने पळतात आणि जाता जाता माझ्याकडे बघून ओरडतात... अहो, डोक्यावरच घेतलंय म्हटल्यावर दिसणारच ना टेबल!