साहेबाच्या दारातला बर्फ

माझी आई बोहारीण होती, हे आधी लिहा. पुष्कळ जण इथे आल्यावर असलं लपवतात, मी नाही लपवत. बार्शीत आमचं घर, आई डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरायची, जुने कपडे घ्यायचे आणि भांडं द्यायचं. मी सात वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर. साडीचा काठ उजेडाला धरून कसा बघायचा, कुठल्या बाईला पातेलं पाहिजे असतं पण ती हात चमच्याला लावते, हे सगळं मला शाळेच्या आधी कळलं. आई म्हणायची, शालन, कापड हातात आल्याशिवाय भांडं सोडायचं नाही, मग समोर मामलेदारीण असो नाहीतर सख्खी बहीण. शाळा चौथीपर्यंत झाली. पण सौद्यात मला आजपर्यंत कुणी फसवलं नाही. एक जण सोडून. त्याचंच तर सांगायला बसले आहे.

आमचे हे लेथवर काम करायचे. थोरले दीर आधी अमेरिकेत आलेले, त्यांनी कागद केले आणि ब्याऐंशी साली आम्ही न्यू जर्सीत आलो. हे कारखान्यात लागले, मी घरात पोळ्या करायला लागले. पहिल्यांदा दहा, मग पन्नास, मग आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या दोन दुकानांत माझ्या पोळ्या जायला लागल्या. दुकानदार म्हणायचा, मावशी, भाव जरा कमी करा. मी म्हणायची, पोळी जरा लहान करते, चालेल? मग पैसे मोजायचा. त्या पोळ्यांवर आम्ही घर घेतलं. लहानसं, पण ड्राइव्हवे केवढा लांब, काय सांगू तुम्हाला, रस्त्यापासून गॅरेजपर्यंत तीन गाड्या एकामागे एक राहतील एवढा, आणि वर चढाचा. घर घेताना मी छप्पर बघितलं, नळ बघितले, तळघरात ओल आहे का ते हात लावून बघितलं, पण घेतलं जूनमध्ये, आणि जूनमध्ये ड्राइव्हवे कोण बघतो?

ब्याण्णवमध्ये प्रकाश आला. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, कामाच्या व्हिसावर. कुणीतरी माझा नंबर दिला होता, तळघरातली खोली मिळेल म्हणून. दारात उभा राहिला तेव्हा अंगात काय होतं तर स्वेटर, जानेवारीत! मी यांचा जुना कोट दिला, वरण-भात वाढला. आठ महिने आमच्याकडे राहिला, काकू काकू करत मागे असायचा. मग त्याची बायको नीता आणि दोन मुलं यायची ठरली, तेव्हा समोरचं घर भाड्याला निघालं होतं, त्या घरमालकाशी मी बोलले. हा नुसता शेजारी उभा. मी भाडं खाली आणलं आणि वर गॅरेजही पदरात पाडून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाला, काकू, तुम्ही आमच्या कंपनीत पाहिजे होता. मी म्हटलं, तुमच्या कंपनीला परवडणार नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी, चार-चार तास. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, छातीत धाप लागते. पाऊस असो, बर्फ असो, जायचंच. गाडी मी चालवायला शिकले, बेचाळिसाव्या वर्षी. पण गाडी रस्त्यावर तर यायला पाहिजे ना? यांच्या डाव्या हातात सुया घालण्यासाठी शीर जोडलेली, त्या हाताने वजन उचलायचं नाही असं डॉक्टरने बजावलेलं. आणि इथला बर्फ म्हणजे फोटोतला कापूस नव्हे. पडतो तेव्हा हलका असतो, पण टाउनशिपचा नांगराचा ट्रक रस्ता साफ करत जातो तेव्हा तो सगळा ढिगारा आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून जातो, आणि तो ढिगारा तासाभरात दगड होतो.

म्हणून मी मशीन घेतलं, स्नो ब्लोअर, बर्फ ओढून बाजूला उडवणारं. एक म्हातारा गोरा घर विकून फ्लोरिडाला चालला होता, त्याच्या गॅरेज सेलमध्ये. तो किंमत सोडेना. मी म्हटलं, फ्लोरिडा नो स्नो, यू टेक धिस, पीपल लाफ. तो एवढा हसला, एवढा हसला, की अर्ध्या किमतीत दिलं आणि वर पेट्रोलचा डबा फुकट. पण आमच्या गॅरेजमध्ये कणकेच्या गोण्या आणि दोन फ्रीझर, जागा नाही. आणि मशीन ओढायला बाप्या माणूस पाहिजे. तेव्हा प्रकाशशी बोलणं झालं. नीट ऐका, हे महत्त्वाचं आहे. मी म्हटलं, मशीन तुझ्या गॅरेजमध्ये ठेव, दोन्ही ड्राइव्हवे तू साफ करायचे, पण डायलिसिसच्या दिवशी आधी आमचा, मग तुझा. बदल्यात तुमच्या घरच्या रोजच्या पोळ्या माझ्या, आणि तुम्ही दोघं कामावरून येईपर्यंत मुलं शाळेच्या बसमधून उतरून माझ्याकडे. तो म्हणाला, काकू, हे काय सांगायला पाहिजे का? मी म्हटलं, सांगायला पाहिजे, हात पुढे कर. त्याने हातावर हात मारला. कागद केला नाही. दुकानदाराशी मी कागद केला होता, घरमालकाशी केला होता, याच्याशी नाही केला, आपल्या माणसाशी काय कागद करायचा?

दोन हिवाळे त्याने शब्द पाळला, हेही लिहा. खोटं बोलायचं नाही. सकाळी सहाला मशीनचा आवाज यायचा, मी पोहे टाकायची, तो काम संपवून मागच्या दाराने यायचा, बूट काढायचा आणि ओट्याशी उभा राहूनच खायचा. यांच्याशी क्रिकेटच्या गप्पा. हे मला म्हणायचे, आपल्याला मूल नाही, पण बघ.

मग शहाण्णवचा जानेवारी. रविवार-सोमवार असा दोन दिवस बर्फ पडला, की समोरचं घर दिसेना. रस्ते बंद, सगळं बंद. सोमवारी डायलिसिस सेंटरचा फोन आला, उद्या आम्ही उघडतोय, पण माणसं कमी आहेत, वेळेवर आलात तरच जागा. संध्याकाळी मी प्रकाशला फोन केला. म्हटलं, उद्या मंगळवार आहे बाबा. तो म्हणाला, काकू, मला वार कळत नाहीत का, सकाळी सहाला तुमचाच आधी, तुम्ही फक्त पोहे करा.

सकाळी मशीनचा आवाज आला. काय बरं वाटलं मला, काय सांगू! कांदा चिरला, पोहे भिजवले, यांना उठवलं, यांची पिशवी भरली. आवाज थांबला. म्हटलं, आता येईल. पोहे झाले, झाकून ठेवले, तरी येईना. सात वाजले. मी पडदा बाजूला केला, तर प्रकाशचा ड्राइव्हवे काळाभोर, डांबर दिसतंय, तोंडाशी ढिगारा नाही, काही नाही. त्याची व्हॅन नाही. आणि आमच्या दारात कमरेएवढा बर्फ, त्यावर एक पाऊलसुद्धा उमटलेलं नाही.

फोन केला. त्याच्या मुलाने, साहिलने, उचलला, आठ वर्षांचा. डॅडी वेंट टू हिज बॉसेस हाउस, ही टूक द स्नो मशीन. मी म्हटलं, आईला दे. नीता आली. म्हणाली, काकू, रागावू नका हो, साहेबांचा ड्राइव्हवे करून द्यायला गेलेत, ग्रीन कार्डची फाइल त्यांच्या सहीसाठी पडली आहे, तासाभरात येतील. मी म्हटलं, नीता, तासाभरात यांची जागा जाते. ती रडायला लागली. मी फोन ठेवला. तिच्या रडण्याचं मी काय करू?

म्हणजे बघा, प्रकाशची अक्कल. पुण्यात साहेबाच्या घरचा गॅस सिलिंडर भरून आणला की बढती मिळते, तेच गणित घेऊन हा इथे आला. व्हॅनच्या मागच्या सीटा काढून, फळी लावून, माझं मशीन, मी घेतलेलं मशीन, त्यात चढवलं आणि चालला साहेबाच्या दारात.

मी फावडं घेतलं. एका बाजूने सुरू केलं. बर्फ उचलायचा आणि टाकायचा कुठे, दोन्ही बाजूंना भिंती झालेल्या, टाकलेला परत अंगावर येतो. अर्ध्या तासात जेमतेम दोन हात वाट झाली. मागे वळून बघते तर हे, कोट घालून, उजव्या हातात माझी कणकेची परात, परातीने बर्फ उपसतायत. मी ओरडले, आत जा, मरायचंय का? हे म्हणाले, आत बसूनही तेच होणार. मी परात हिसकावून घेतली. रस्त्यावरून एक पिकअप चालला होता, पुढे नांगर लावलेला, लोकांचे ड्राइव्हवे साफ करून देणारा कुणी. मी तो ढिगारा चढून, घसरत, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. त्याने जो आकडा सांगितला त्याला मी ओके म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता. तो माणूसच चमकला, यांच्याकडे बघितलं आणि गाडी आमच्या ड्राइव्हवेकडे फिरवली.

पोचलो तेव्हा यांची खुर्ची दुसऱ्याला गेली होती. दुपारपर्यंत बसलो. चार तासांच्या जागी दोन तास मिळाले. गुरुवारी पहाटे यांना श्वास घेता येईना, आडवं झालं की गुदमरायचे, ॲम्ब्युलन्स बोलवली. छातीत पाणी. चार दिवस हॉस्पिटलात.

शुक्रवारी प्रकाश तिथे आला. हातात फळांची पिशवी, केळी आणि संत्री. डायलिसिसच्या माणसाला केळी आणि संत्री विषासारखी, हे आमच्या ओट्याशी उभं राहून त्याने शंभरदा ऐकलेलं. मी त्याला बाहेर पॅसेजमध्ये घेतलं. म्हटलं, झाला का साहेबाचा ड्राइव्हवे? तो खाली बघून म्हणाला, त्यांचा माणूस आधीच येऊन करून गेला होता, काकू. मी मशीन घेऊन उभाच राहिलो. साहेब म्हणाले, यू शुडंट हॅव, आणि दार लावलं.

मला हसू आलं. खरंच आलं, एक नर्स वळून बघायला लागली. मग मी विचारलं, तुला मंगळवार आठवला नाही का? तेव्हा जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, आठवला ना. पण काकू, साहेब परका, त्याला वेळेवर नाही दिसलो तर संपलं. तुम्ही घरचे. घरच्यांना सांभाळून घ्या म्हणता येतं.

ऐकलंत? आम्ही घरचे म्हणून आम्ही मागे. परके असतो तर आधी नंबर लागला असता! मी त्याला एवढंच म्हटलं, पिशवी उचल आणि जा.

घरी आल्यावर मी त्याच्या गॅरेजमध्ये गेले आणि मशीन ढकलत रस्ता ओलांडून आणलं, दिवसाढवळ्या, अख्खी गल्ली बघत होती. कणकेच्या गोण्या दिवाणखान्यात घेतल्या पण त्याला जागा केली. त्यांच्या पोळ्या त्याच दिवशी बंद. दुपारी बस आली, दोन्ही मुलं नेहमीसारखी माझ्या दारात. साहिल म्हणाला, काकू, आर यू मॅड ॲट अस? त्यांना आत घेतलं, दूध दिलं. पुढे दोन वर्षं मुलं येत राहिली. मुलांनी हातावर हात मारला नव्हता. त्यांना न्यायला नीता यायची, तो नाही.

अठ्ठ्याण्णवमध्ये त्याचं ग्रीन कार्ड आलं. नियमाने, रांगेत, सगळ्यांचं येतं तसं आलं. त्याने पार्टी ठेवली. मी गेले नाही. हे गेले. मला न विचारता, इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत रस्ता ओलांडून गेले. परत आले ते पेढ्यांचं ताट घेऊन. मी म्हटलं, तुम्ही त्याच्या हातचं खाल्लंत? हे म्हणाले, शालन, तो मला मारायला निघाला नव्हता, घाबरलेला होता. मी म्हटलं, मीही घाबरले होते, मी कुणाच्या नवऱ्याला मागे ठेवलं? यांनी टीव्ही लावला. काय सांगू, प्रकाशने केलं ते केलं, पण त्या दिवशी मला वाटलं, मी ज्याच्यासाठी ढिगाऱ्यावर चढले, तोही पलीकडे जाऊन बसला. ते अजून पोटात आहे. प्रकाश परका म्हणून टाकता येतो, यांना कुठे टाकू?

आता ते लोक टेक्सासला गेले, प्लेनोला. मोठं घर घेतलंय म्हणे. बर्फ नाही. दर रविवारी फोन येतो. हे बोलतात, हसतात, पोरांच्या शाळेचं विचारतात, आणि शेवटी रिसीव्हर माझ्याकडे धरतात, दर रविवारी, न चुकता. मी तव्यावरची पोळी उलटते. मशीन आता मीच चालवते. खांदा दुखतो, पण मंगळवारी सहाला मी बाहेर असते. हे खिडकीत बसून बघतात आणि मला काच वाजवून खुणा करतात, उजवीकडे राहिलं, उजवीकडे.

डॉक्टर म्हणतात, यांची अजून काही वर्षं जातील. जाऊ देत. साहिलला चांगले मार्क मिळतात म्हणे, मिळू देत, मोठा होऊ दे. नीताचं भलं होवो. आणि त्याचंही वाईट व्हावं असं मी म्हणत नाही, देव त्याला सुखात ठेवो. फक्त रिसीव्हर मी घेणार नाही.